चार काळ्या वायरी

ताई,

ड्यूटीवरून येऊन तू आत्ताच आडवी झालीस, म्हणून उठवलं नाही.

बाबांच्या गाडीची किल्ली फिरवू नकोस, त्यांनाही फिरवू देऊ नकोस. बंद पडलेली गाडी सुरू करायच्या नादात इंजिनला ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या चार वायरी मी सोडवल्या आणि कुठली कुठे होती ते लिहून ठेवलं नाही. चूक माझीच, पण चारही काळ्या! रंग बघून वायर जोडतो तो शिकाऊ, असं म्हणत बाबांनी जन्मभर एकच रंग वापरला. सगळं त्यांच्या डोक्यात. काल मी अंदाजाने जोडल्या, तर कॉइलमधून धूर निघाला.

मग बाबांनाच गाडीपाशी नेलं. म्हटलं, डोकं विसरलं तरी हात विसरणार नाहीत. त्यांनी एकेक वायर फडक्याने पुसली आणि माझ्या हातात परत दिली.

दुसरी कॉइल मिळते का बघायला जातोय. मिळाली तरी जोडणार कोण? गाडीचा आवाज ऐकला की बाबा आपल्याला ओळखतील, असं तूच म्हणत होतीस. मला आता तसं वाटत नाही.

उठले की ते गॅरेजमध्ये जाऊन बसतील. गोळी तिथेच दे. गाडीचे मालक कधी येणार, असं विचारतील. ‘मालक तुम्हीच’ म्हणू नकोस, चिडतात. ‘येतील एवढ्यात’ म्हण. काल मी तेवढंच म्हणालो, तर अंधार पडेपर्यंत दाराकडे बघत बसले होते.