निळ्यावर एकच संत्रं

अमरावती, मंगळवार, १८ नोव्हेंबर १९५८

आज वरूडला गेलो नसतो तर बरं झालं असतं. अकोल्यात तो चहाचा डबा पाहिल्यापासून मी खुळावलोय. निळा डबा, मधोमध एकच पान, बाकी सगळं रिकामं. तसंच वरूडच्या शेठजींच्या संत्र्यांच्या पेट्यांसाठी लेबल काढलं: निळ्यावर एकच संत्रं, खाली आधाराला पान. अक्षर एकही नाही, कोपऱ्यातली माझी बारीक सही सोडली तर.

आज तिथे पाहतो तर पेट्या भरणाऱ्या बायांनी सगळी लेबलं उलटी चिकटवलेली. शेठजी भडकले. "पेंटर, आजवर लेबलावरची लक्ष्मी कोणी उलटी लावली नाई! याचं डोकं कोणतं न् पाय कोणते?"

त्यांच्यातल्या चंद्राबाईंना विचारलं. त्यांना नवलच वाटलं. "उलटं कावून, भाऊ? झाडाले संत्रं लटकते, तं पान वरच राह्यते ना?"

संत्र्यांच्या मुलखात जन्मलो आणि पाहत बसलो तो डबा? मग तो डबा आवडला ते चूक की काय? निळा रंग तर अजूनही आवडतोय.

घरी येऊन चित्र उलटं धरलं. तेच बरोबर दिसतंय. फक्त माझी सही डोक्यावर उभी आहे.