'कुंदा'वरचा मुक्काम

१२ जानेवारी
आजपासून जमिनीवर राहणं बंद. भूमी अभिलेख कार्यालयात लोकांच्या धुऱ्या-बांधांची भांडणं मोजण्यात जन्म गेला. शाळेत असल्यापासून स्वप्न एकच, शिडाच्या बोटीवर राहायचं. मालवणहून सेकंडहँड बोट ट्रकवर आली, धरणात उतरली. नाव 'कुंदा' ठेवलं, म्हणजे घरच्या कुंदाला बरं वाटेल. ती काठावरूनच म्हणाली, रंग बरा आहे. आत आली नाही. काठाला शेत असलेल्या अमरसिंगने दोर बाभळीला बांधून दिला. महागावात निरोप समारंभ झाला, शाल मिळाली. आता परत फिरणे नाही.

१३ जानेवारी, सकाळी
रात्रभर मळमळ. बोटीमुळे नाही. समारंभातला मसालेभात.
उद्या दोर सोडून पलीकडे जायचं.

२० जानेवारी
वारा नव्हता.

२१ जानेवारी
वारा फार होता.

४ फेब्रुवारी
कालव्याला पाणी सोडणार, अशी पेपरात बातमी. बोट खोल पाण्यात न्या, असं कुंदाचं (घरच्या) फोनवर म्हणणं. सांगितलं, एवढं मोठं धरण, वाटीभर पाणी गेल्याने काय होतं. शिवाय सध्या अँटिबायोटिक चालू आहे, दोर सोडायची घाई नको.

१७ फेब्रुवारी
'कुंदा' चिखलात बसली. डावीकडे कलली आहे. मीही. उतरायला गेलो तर मांडीपर्यंत रुतलो, एक चप्पल आतच राहिली. अमरसिंग दोराला डबा अडकवून पाठवतो.
घरची कुंदा काठावर आली होती. ती तिथे, मी इथे, समोरासमोर उभे राहून फोनवर बोललो. म्हणाली, ट्रॅक्टर बोलावते, घरी चला. म्हटलं, कॅप्टन असा बोट सोडत नाही. फोन ठेवल्यावरही ती बराच वेळ उभी होती. चेहरा नीट दिसला नाही, चष्मा घरंगळून कुठेतरी गेला आहे.

९ मार्च
चिखल वाळला. चालत घरी जाता येईल. पण शाल देणारी सगळी मंडळी संध्याकाळी बसस्टँडवरच बसलेली असतात.
अमरसिंग आला. म्हणाला, "साहेब, हे गाळपेराची जागा, पानी उतरलं का पेराची, माह्या नावानं हाये. बोट कधी हालवून राह्यले?" म्हटलं, पाणी आलं की. म्हणाला, "मंग मी बाजूनं टरबूज लावतो." परवानगी दिली.

१८ एप्रिल
केबिनची भट्टी झाली आहे. दिवसा बोटीच्या सावलीत, खाली बसतो. चहूकडे वेल. अमरसिंगची बायको हंसाबाई विचारून गेली, "रातच्याले डुकरं येऊन राह्यले, तुमी वरतून टॉर्च मारसान का?" कॅप्टनला नाइट वॉच असतोच.
सलीलला पुण्याला फोटो पाठवला. फक्त शीड आणि आकाश. पोराने विचारलं, बाबा, पाणी कुठंय? लिहिलं, खाली.

१० मे
टरबुजं निघाली. कुंदा वेलींमधून वाट काढत पहिल्यांदा थेट बोटीपर्यंत आली. सावलीत बसली, एक फाक खाल्ली. म्हणाली, "तुम्ही मजेत आहात असं सांगून सांगून मी थकले. कुणाच्या लग्नाला जात नाही, लेकीकडे जात नाही. कुणी विचारेल म्हणून. तुमच्यापेक्षा मीच जास्त अडकलेय."
मी फाकेतल्या बिया वेचत होतो.
मग म्हणाली, "पाणी आल्यावर खरंच जाणार असाल तर मी येते बरोबर. पण मग खरंच जायचं."
म्हटलं, म्हणजे काय.
तिला सेलिंगची गोडी लागते आहे.

१४ जून
घरी आलो. फक्त बीपीच्या गोळ्या घ्यायला.

२ जुलै
अजून घरीच. गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नये असं म्हणतात.

२६ जुलै
सकाळी अमरसिंगचा फोन. "साहेब, बोट तरंगून राह्यली."
कुंदा लगेच तयार. स्टोव्ह, लोणच्याची बरणी, दोन साड्या. धरणावर पोचलो तर 'कुंदा' सरळ उभी, पाण्यात. घरचीने साडी खोचली आणि आधी चढली. हात पुढे केला. "या."
पाणी काळं दिसत होतं. एक पाय ठेवला. बोट हलली. पाय काढून घेतला. समजावून सांगितलं की वाऱ्याची दिशा बरोबर नाही, आणि गुडघाही आज जरा. तिने हात मागे घेतला. मग अमरसिंगला म्हणाली, "सोडा दोर. मला एक चक्कर मारायची आहे." हंसाबाईही चढली. अमरसिंगने दोर सोडला, तोही चढला, बांबूने बोट ढकलली आणि, मी सांगितलं नसताना, शीड वर केलं.
कुंदा पलीकडच्या काठाला गेली. दोन्ही कुंदा.
मी इकडून सूचना देत होतो. तिथपर्यंत ऐकू जात नाही.