एका चकतीभोवतीचं रिंगण

मंगळवार, संध्याकाळ. भाईंदर.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लादी पुसते, जंतूंच्या ताटल्या तिथल्या मोठ्या कुकरमध्ये उकडून फेकते, त्याला सहा वर्षं झाली. ताटलीत नीट बघितलं ते आज. आधी कशाला बघू?

ह्यांना डायलिसिससाठी मानेत नळी घातलीय. तिच्यातूनच जंतू रक्तात शिरले. शनिवारपासून थंडी वाजून ताप. मी डॉक्टरांवर ओरडले, "सगळ्यात भारी इंजेक्शन द्या ना!" ते म्हणाले, "तेच चालू आहे, पण रक्ताचा रिपोर्ट सांगेल ते खरं."

आज सकाळी लॅबच्या डिमेलो मॅडमनी हाक मारली. "मावशी, बादली ठेव, इकडे ये. हे तुझ्या नवऱ्याच्या रक्तातले जंतू."

ताटलीभर सायीसारखे पसरलेले. वर कागदाच्या सहा चकत्या, प्रत्येकीत वेगळं औषध. त्या भारी औषधाच्या चकतीला जंतू अगदी चिकटून उगवलेले, भीतीच नाही मेल्यांना. आणि एका चकतीभोवती रिंगण. स्वच्छ, एक जंतू नाही.

"हे कुठलं?"

"जुनंच आहे गं. डॉक्टरांना कळवलं, आता तेच देतायत."

म्हणजे त्या जंतूंनाच विचारायचं, कशाने मरता? आणि ते सांगतात! अशी किती घरांची उत्तरं मी न बघता उकडून फेकली?

आजची ताटलीही मीच उकडली. झाकण लावण्याआधी रिंगण परत एकदा बघून घेतलं.

आत्ता वॉर्डातून आले. ताप आहे अजून, पण दुपारपासून थंडी वाजलेली नाही. हे म्हणाले, "काय गं, आज कुणावर ओरडली नाहीस?"

मी त्यांच्या चादरीवर बोटाने एक रिंगण काढलं.