लिंबाच्या ढोलीतले पिंगळे

प्रिय आई,

काल तुझा दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना, आणि मग जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही, म्हणून लिहिते.

दारातल्या लिंबाच्या ढोलीतली पिंगळ्यांची जोडी तुझी. दादाची ती कधीच नव्हती. भरदिवसा दोघं ढोलीच्या तोंडाशी खेटून बसायची, कोणी जवळ गेलं की मान खालीवर करून पिवळ्या डोळ्यांनी टकामका बघायची. दिवे लागले की चिरचिर सुरू. मी म्हणायचे, किती भांडतात गं! तू म्हणायचीस, "भांडून न्हाई राह्यले, बोलून राह्यले. तुझ्या बापाला जमलं का कधी एवढं?"

घुबडाच्या जातीची म्हणून हसनाबादेत सगळ्यांना ती अपशकुनी वाटायची. तू उलट विचारायचीस, "आपल्या कणगीला उंदीर लागला का कधी? मंग?"

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा ढोलीत पिल्लं होती. आईबाप कधी नाकतोडा आणत, कधी उंदराचं पिल्लू, आणि खाण्यासाठी पिल्लं गलका करत. दादाला त्यात यमाचं बोलावणं ऐकू आलं. पिंगळा ओरडला की माणूस जातं म्हणे. न्हाणीच्या कामातलं सिमेंट उरलं होतं. त्याने शिडी लावली आणि ढोली लिंपून टाकली, पिल्लांसकट. नंतरही आतून आवाज येत होता, हे वहिनीनेच मला सांगितलं.

तुझी खाट तर खिडकीलगत होती. तू ऐकलं असशील ना? मग का गं बोलली नाहीस? जन्मभर दादापुढे गप्प बसलीस, तेव्हाही तेच? मला तुझाही राग आलाय, आई. आणि त्याने एवढं करूनही तू वाचलीस का?

काल नदीवर कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. दादा हात जोडून म्हणत होता, "माय, वर्षश्राद्ध दणक्यात करतो, मंदीचं माहेरपण बराबर करतो." एकही कावळा हलेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मी म्हणाले, "दादा, ढोली उघडतो म्हण." चारचौघांसमोर तो म्हणाला, "उघडतो माय, उद्याच उघडतो."

कावळा शिवला. सगळे रडले, मीही रडले.

आज सकाळी छन्नी मागितली तर मला म्हणतो, "मंदे, येडी झाली का? तिथं तसं म्हणावं लागतं. कावळ्याला भूक लागल्ती, म्हणून उतरला."

म्हणजे पिंगळा ओरडला तर यम, कावळा उतरला तर आई, आणि शब्द पाळायची वेळ आली की दोन्ही नुसती पाखरं. लाज कशी वाटत नाही याला?

जोडी अजून येते. लिंपलेल्या जागेवर नखं घासते, मग शेजारच्या फांदीवर जाऊन बसते.

आई, त्याने तुला दिलेला शब्द मी पाळते. दादा बाजाराला गेलाय. वहिनी शिडी धरणार आहे. आत जे काही उरलं असेल ते मी माझ्या हाताने बाहेर काढीन. दादा आला की त्याच्या तोंडावर सांगीन, ढोली मी फोडली. त्यापायी माहेर तुटलं तर तुटलं.

तुझी लेक,
मंदा