सालईखेडीची चूल

इंदोरा, नागपूर
ता. ८ एप्रिल १९८०

ती. इंदूताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

जानेवारीपासून तुझं पत्र नाही. रागावली असशील तर कशावर ते तरी कळव. तसे माझ्यावर रागावणारे नागपुरात पुष्कळ आहेत. सकाळी हिंदी दैनिकाच्या बातम्या, दुपारी पक्षाचं कार्यालय, संध्याकाळी मराठी साप्ताहिकाचा लेख. नगरसेविकापद जाऊन पाच वर्षं झाली, तरी वस्तीतल्या बायका नळाची तक्रार माझ्याच दारात आणतात. कथांचं पुस्तक अर्धं होऊन पडलं आहे. खरं सांगू, ताई, फार थकले आहे.

बातमी अशी की ४ मेला तुमच्या सालईखेडीला प्रचारसभा आहे. दिल्लीचे साहेब पुन्हा येणार, हिंदीत बोलणार, आणि दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीसारखं मी शेजारी उभी राहून त्यांचं एकेक वाक्य मराठीत सांगणार. निवडणूक पार पडली की मला विधान परिषदेवर घेऊ, असं पक्षाचे चिटणीस मार्तंडराव म्हणतात. तसं झालं तर ही रोजची वणवण तरी थांबेल. सभेनंतर तुझ्याकडे जेवायला येईन. भाऊजींना सांग, झुणक्यात तिखट या खेपेला त्यांच्या हातानं नको.

कळावे. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
सुभद्रा


सालईखेडी, ता. उमरेड
१५ एप्रिल १९८०

चि. सुभद्रास,
इंदूचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल जयंती झाली. दरवर्षी भाषणाला तू असतेस. यंदा तुला बोलवायचं कोणी नावही काढलं नाही, यावरून काय ते समज. शाळेच्या भिंतीवर नोटीस लागली आहे. कोळशाच्या खाणीसाठी दिवाळीपर्यंत गाव रिकामं करायचं आणि नाल्यापलीकडच्या मुरमाड जागेवर जायचं.

मागच्या सभेत साहेब हिंदीत म्हणाले होते की गावाला धक्का लागणार नाही. ते मराठीत सांगताना तू म्हणालीस की सालईखेडीची एक चूल हलणार नाही. चुलीचं त्यांनी काढलं नव्हतं, ते तुझं. तुझं लिहिणं-बोलणंच तसं आहे, मी दोष देत नाही. पण बायांनी ती चूल धरून ठेवली. त्या भरवशावर रुपरावनं नवं घर बांधलं, आम्ही विहीर खोल केली. आता साहेबाचं नाव कोणी घेत नाही. हातपंपावर म्हणतात की इंदूच्या बहिणीनं शब्द दिला होता. मी भांडले की ती बिचारी दुसऱ्याचं बोलणं फक्त आपल्या भाषेत सांगत होती. शेजारची म्हातारी भीमाबाई एवढंच म्हणाली की, बोलनं त्याचं असन, पण तोंड तं तुह्या बहिणीचं होतं ना वं.

तू सभेला येऊ नकोस. तुला कोणी वेडंवाकडं बोललं तर माझ्यानं ऐकवणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नकोस.

तुझी,
इंदू


इंदोरा, नागपूर
ता. २२ एप्रिल १९८०

ती. इंदूताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून मार्तंडरावांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले की नोटीस आता मागे जात नाही. या वेळी साहेब सांगतील की देशाला कोळसा हवा आहे, गावानं आनंदानं जागा द्यावी. ते मी मराठीत गोड करून सांगायचं, कारण माझ्याइतकं गोड कोणाला जमत नाही. बोलता बोलता परिषदेच्या जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला. काढायची गरज नव्हती, मला कळतं.

पन्नाशी आली, ताई. वीस वर्षं या भाषेतलं त्या भाषेत नेते आहे, आणि माझं स्वतःचं काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. नाही म्हटलं तर दुसरं कोणी सांगेल. गाव काही वाचत नाही. हो म्हटलं तर तुझ्या अंगणात पाय कसा ठेवू? मी येणार आहे. तिथे काय करीन ते आज मलाही माहीत नाही. तू मात्र सभेला बसू नकोस. तुझ्यासमोर मला काहीच ठरवता येणार नाही.

भाऊजींना जयभीम. माझ्यावरची माया आटवू नकोस.

तुझी,
सुभद्रा


सालईखेडी
६ मे १९८०

चि. सुभद्रास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू न भेटता, न जेवता गेलीस. झुणका यांनीच संपवला, आणि कमी तिखट म्हणून नावंही ठेवली.

तू नको म्हणालीस तरी मी सभेला आले होते, बायांच्या मागे बसले होते. देशासाठी आनंदानं जागा द्या, असं साहेब म्हणाले. तू माईक धरलास आणि गप्प राहिलीस. तुला ऐकू आलं नसेल असं वाटून त्यांनी पुन्हा म्हटलं. तू तशीच उभी. मग माईक मार्तंडरावांच्या हातात देऊन खाली उतरलीस आणि एस.टी.च्या रस्त्याला लागलीस. पुढचं मार्तंडरावांनी मराठीत सांगितलं, पण तोवर बाया उठल्या होत्या.

तुला रडत जाताना गावातल्या कवडूनं पाहिलं. लोकांना आपण काहीच सांगितलं नाही, याचं तुला लागलं असणार, म्हणून हे लिहिते. येताना मी भीमाबाईला साहेबाचं बोलणं समजावू लागले, तर ती म्हणाली की, मले हिंदी समजते वं. उमरेडच्या बाजारात जातो, खाणीवरचे लोक हिंदीच बोलतेत, आमाले काहून नाही समजन? मागच्या खेपीलेही त्याचं समजलंच होतं, पण भरोसा तुही बहीण बोलली तवाच बसला. आज ते बोलली नाही, म्हनजे गाव गेलं. आता वाट पाहाची नाही.

मग तिनं डोळ्यांना पदर लावला. जरा वेळानं मलाच रागावली की, पोरगी उन्हाची उपाशी गेली, तू कशी बहीण आहेस वं.

तब्येतीला जप. या घराची वाट तुला बंद नाही.

तुझी,
इंदू


इंदोरा, नागपूर
ता. १९ ऑक्टोबर १९८०

ती. इंदूताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

परिषदेची जागा मार्तंडरावांना मिळाली. त्याची बातमी दैनिकात माझ्याच टेबलावर आली, हिंदीत मीच केली. पक्षाचं बोलावणं आता येत नाही, त्यामुळे संध्याकाळी पुस्तकाला बसते. पण थकवा म्हणशील तर तो आहे तिथेच आहे.

तू कळवलंस की रविवारी बैलगाड्यांनी सामान हलणार, चुली मात्र फोडूनच जावं लागणार. नव्या जागी सगळा मुरूम, चुलीपुरती माती नाही, आणि भीमाबाईंचे हात आता चालत नाहीत. मी शनिवारच्या एस.टी.नं येते. या खेपेला सोबत कोणी साहेब नाही. तळ्याची माती दोन पाट्या भरून ठेव. भीमाबाईंना सांग, त्यांची चूल मी घालीन. आईनं शिकवलं होतं. विसरले असेन तर त्यांनी शेजारी बसून मला शिव्या द्याव्यात.

लोभ मागायची हिंमत होत नाही, तरी असू दे. आणि त्यांना हेही सांग, की त्या चुलीवरची पहिली भाकर खाल्ल्याशिवाय मी निघणार नाही.

तुझी,
सुभद्रा