आभाळाचा दगड, आंधळगावचा कोसा

आंधळगाव, ९ डिसेंबर २०२४

चि. रुपास गिरजाआत्याचे अ. उ. आ.

इकडे सर्व खुशाल. फोनवर तुले घाई असते, म्हणून लिहून राहिली. परवा दुपारी आपल्या वावरात, धान कापलेल्या बांधीत धाडकन आवाज झाला. आमचे हे, तुझे मामाजी, समजले, ट्रॅक्टरचं टायर फुटलं. जाऊन पाहतो तं आभाळात धुराची रेघ नि खड्ड्यात कोळशावाणी काळा दगड. मले तुझं शिक्षण आठवलं, अशा दगडात जिवाचं सामान असते काय ते तू पाहते ना? मामाजी म्हणाले, दगडात जीव शोधाले पगार भेटते? मी म्हटलं, भेटते. शेजारचा विक्की पुण्याले येऊन राहिला, त्याच्या हाती दगड पाठवते.

माया पातळ होऊ देऊ नको.

गिरजाआत्या

पुणे, ३ जानेवारी २०२५

ती. गिरजाआत्यास रुपाचा सा. न. वि. वि.

आत्या, उभ्यानेच लिहितेय, बसवतच नाही. दगडाच्या वरच्या भुकटीत ग्लायसिन आणि अ‍ॅलॅनिन सापडलं, तेही भरपूर! आपलं अंग ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यांतलीच ही. कधी न हसणाऱ्या आमच्या मॅडमनी जिलेबी वाटली. पुढच्या महिन्यात परिषदेत मी हे मांडणार आहे. विक्कीने दगड डब्यातून उघडाच आणून दिला. तू तो कशात गुंडाळला होतास, तेवढं कळव.

लोभ आहेच, तो आता दुप्पट कर.

रुपा

आंधळगाव, ११ जानेवारी

चि. रुपास अ. उ. आ.

पत्र वाचून मी आधी नाचली, मंग 'कशात गुंडाळला' ते वाचून खाली बसली. दगड मी कोशाच्या, आपल्या रानरेशमाच्या, नव्या कपड्यात बांधला होता, मागावरून नुकताच उतरवलेला. आपल्या घरचं चांगलं म्हणजे कोसाच. विक्कीले रेल्वेत थंडी वाजली, त्यानं तो काढून गळ्याले गुंडाळला. काही चुकलं काय?

राग धरजो, पण बोलणं सोडू नको.

गिरजाआत्या

पुणे, २ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

चुकलं, आत्या. कोशाचा धागा मुळात ग्लायसिन आणि अ‍ॅलॅनिनचाच असतो! मी जिन्यात बसून रडले, मग मला हसू आवरेना. तोंड पाडून मॅडमकडे गेले, तर त्या एवढंच म्हणाल्या, "वरचं सोड. पोट फोडून बघ."

मी दगड मधोमध चिरला, आतला भाग काढला आणि दोन आठवडे त्यालाच चिकटून राहिले. सापडलं, आत्या! चिमूटभरच, पण खरं. अमिनो आम्लांना हातांसारखी डावी-उजवी ठेवण असते, एका ग्लायसिनला तेवढी नसते; कोशातली, तुझ्यामाझ्यातली डाव्या ठेवणीची असतात. दगडाच्या पोटातली मात्र डावी-उजवी निम्मी-निम्मी निघाली. म्हणजे ती किड्याची नाहीत, माणसाची नाहीत, आभाळातच बनली. यात जीव नाही बरं, नुसतं सामान. परिषदेत सगळं सांगणार आहे, कोशासकट.

आशीर्वाद जरा जास्तीचे पाठव.

रुपा

आंधळगाव, १० फेब्रुवारी

चि. रुपास पोतंभर आशीर्वाद.

मामाजींनी तुझं पत्र तीनदा वाचायले लावलं. आता बांधीतल्या खड्ड्याले काट्याचं कुंपण केलं, नि येणाऱ्याजाणाऱ्याले हात धरून दाखवून राहिले. शेजारच्या गोदावरीबाईनं विचारलं, असं सामान वर हिंडते तं तिकडंही कोणी राहत असन काय? मी म्हटलं, असन तं माग लावूनच बसले असन, नि सूत तुटलं म्हणून नवऱ्यावर चिडत असन.

तुझीच,
गिरजाआत्या