पत्र्याचं कासव

४ ऑगस्ट
बरेच महिने लिहिलं नाही, वही रागावली असेल. माफ कर बाई. लिहिण्यासारखं होतं तरी काय? आज झालं. जावयाचा फोन. नातीचा पाय मोडलाय, प्लास्टर घातलंय, पडून पडून कंटाळलीय — "बाबा, रोज संध्याकाळी फोनवर काहीतरी वाचून दाखवा तिला." मी! चौथीपर्यंत शिकलेला माणूस.
हो म्हणून बसलो.

५ ऑगस्ट
माळ्यावर लेकीचं लहानपणीचं पुस्तक सापडलं. तेव्हा चावीची पत्र्याची खेळणी मिळायची, त्यांचीच गोष्ट. कासव, ससा आणि अस्वल हरवलेला सूर्य शोधायला निघतात. चावी पाठीवर, तिथे स्वतःचा हात पोचत नाही. एकाने दुसऱ्याला द्यायची, तेव्हा पुढे चालायचं.
लेकीचं तसलं कासवही खोक्यात होतं. गंजलंय. चावी दिली तर चार पावलं चाललं.

६ ऑगस्ट
'दुर्भेद्य' शब्दावर गाडी अडली. खालच्या शिंप्याला विचारलं. "आत शिरता येत नाही असं. आजोबा, परीक्षेला बसताय काय?" हसू दे. दुपारभर मोठ्याने घोकलं. संध्याकाळी कुठेही अडखळलो नाही. नात म्हणाली, "अस्वलाचा आवाज अजून जाड काढा."
जावई फोन स्पीकरवर ठेवतो. लेक त्याच खोलीत असते म्हणे. दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही. तिच्याकडे राहायला गेलो नाही म्हणून. "बसा मग एकटेच," म्हणाली होती. ऐकत असेल का?

९ ऑगस्ट
शेवटची पानं उंदरांनी खाल्लीत. आली का पंचाईत! रद्दीवाला म्हणाला, असली पुस्तकं आता कुठली मिळायला. पण पोरीला अर्ध्या वाटेत सोडणार नाही. शेवट मीच रचणार.

११ ऑगस्ट
सांगितला. कासवाने दोघांना चावी देऊन डोंगरापलीकडे धाडलं, स्वतः वाटेतल्या गुहेपाशी थांबलं. तिकडे सूर्य उगवला. मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि फोन बंद.
काय चुकलं माझं?

१२ ऑगस्ट
सकाळीच फोन. लेक.
"बाबा, शेवट असा नाहीये. ससा मागे फिरतो. नाहीतर कासवाला चावी कोण देणार?"
मी खोक्यातलं कासव हातात घेतलं. ती पुढे म्हणाली,
"प्लास्टर निघालं की येतो आम्ही."
कासवाला तेल घालून ठेवलंय. तिला म्हटलं, प्लास्टर कधी निघतंय ते लवकर कळव गं.